७७४ नंतरची पाच वर्षे

सुनील गावसकर यांच्या कारकिर्दीचा आरंभ म्हटला की आपल्याकडे एकच आकडा सांगितला जातो : ७७४. वेस्ट इंडीजमधील १९७१ची मालिका, चार कसोटी, चार शतके, त्यांतले एक द्विशतक आणि १५४.८० ची सरासरी. पदार्पणाच्या मालिकेत इतक्या धावा त्यापूर्वी कोणी केल्या नव्हत्या आणि पुढेही कोणाला जमल्या नाहीत. हा आकडा इतका लखलखीत आहे, की त्याच्या मागोमाग आलेला काळ आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. मला मात्र गावसकर कळले ते त्या विसरलेल्या काळामुळे. एप्रिल १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी चौथे शतक केले आणि जानेवारी १९७६ मध्ये ऑकलंडला सहावे. मधल्या जवळजवळ पाच वर्षांत शतक झाले ते फक्त एक. एका नव्या मुलाला एका हंगामात आभाळभर कौतुक मिळते, पुढे वर्षानुवर्षे त्या कौतुकाला साजेसे काही घडत नाही, आणि तरीही तो खेळत राहतो, स्वतःला घडवत राहतो, हे मला त्या ७७४ धावांपेक्षा मोठे वाटते. ते का, हे जरा सविस्तर लिहितो.

मी त्यांना पहिल्यांदा प्रत्यक्ष खेळताना पाहिले ते फेब्रुवारी १९७३ मध्ये, ब्रेबोर्न स्टेडियमवर, इंग्लंडविरुद्धच्या पाचव्या कसोटीत. मी अकरा वर्षांचा होतो आणि काकांनी कचेरीतल्या कोणाकडून तरी दोन तिकिटे मिळवली होती. गिरगावातून आम्ही चालतच गेलो. बरोबर डब्यात पोळीभाजी होती आणि काकांच्या खांद्याला पाण्याची बाटली. वाटेत मी त्यांना निदान चार वेळा विचारले असेल, की आज गावसकर दोनशे करतील ना. त्या डावात गावसकरांनी ६७ धावा केल्या. त्याच कसोटीच्या पहिल्या डावात शतके केली होती ती फारुख इंजिनिअर आणि विश्वनाथ यांनी, आणि सारे मैदान त्या दोघांसाठी उभे राहिले होते. पण माझा चेहरा उतरलेला होता. घरी परतताना मी काकांना म्हणालो, ‘‘काका, हे आता पहिल्यासारखे खेळत नाहीत.’’ काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘धावा मोजू नकोस रे नुसत्या. त्यानं चेंडू किती सोडले ते पाहिलंस का? शिकतोय तो अजून.’’ त्या वयात मला ते पटले नाही. चेंडू सोडण्यात शिकायचे ते काय, असेच वाटले.

मुळात १९७१चा तो मुलगा वेस्ट इंडीजला गेला तेव्हा त्याच्या पाठीशी काय होते, ते पाहायला हवे. ताडदेवच्या चिखलवाडीतील भागीरथी इमारतीत वाढलेला, धोबीतलावच्या सेंट झेवियर्स शाळेचा विद्यार्थी, १९६६ साली देशातील सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरलेला आणि आंतरविद्यापीठीय रोहिंटन बारिया स्पर्धेत मुंबई विद्यापीठासाठी ३२७ धावांचा डाव खेळलेला हा एकवीस वर्षांचा युवक होता. लहानपणी घरात आई मीनल त्याला टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी करीत आणि एकदा त्याने मारलेला फटका सरळ त्यांच्या नाकावर बसला, ही आठवण गावसकरांनीच सांगितली आहे. नाक धुऊन त्या पुन्हा गोलंदाजीला उभ्या राहिल्या. मामा माधव मंत्री भारताकडून कसोटी खेळलेले. त्यांचा भारतीय संघाचा स्वेटर हवासा वाटला तेव्हा, तो मागून मिळत नाही, मिळवावा लागतो, एवढेच मामांनी भाच्याला ऐकवले. याच नात्याचा पुढे त्रासही झाला. रणजीच्या पहिल्या सामन्यात गावसकर शून्यावर बाद झाले आणि मामा निवड समितीवर असल्यामुळे भाच्याची वर्णी लागली, अशी कुजबुज सुरू झाली. दुसऱ्याच सामन्यात राजस्थानविरुद्ध त्यांनी ११४ धावा केल्या. टीकेला तोंडाने उत्तर न देता पुढच्या डावाने द्यायचे, ही सवय म्हणजे तेव्हापासूनची.

दादर युनियनसारख्या क्लबाचे संस्कारही त्यात आहेत. कांगा लीगमध्ये पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात चेंडू अडकत असताना धावा काढाव्या लागतात. तिथे ज्याचा बचाव पक्का नाही त्याचा डाव दोन षटकेही टिकत नाही. मुंबईच्या फलंदाजीला ‘खडूस’ म्हणतात, तो खडूसपणा काही स्वभावातून येत नाही, तो या ओल्या खेळपट्ट्यांतून येतो, असे माझे मत आहे.

तर असा हा मुलगा अजित वाडेकरांच्या संघातून वेस्ट इंडीजला गेला आणि पहिल्या कसोटीला मुकला, कारण बोटाच्या नखाजवळ पू झाला होता. किंग्स्टनच्या त्या कसोटीत दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजवर फॉलोऑनची वेळ आणली. मडगावला जन्मलेल्या या फलंदाजाने त्या मालिकेत ६४२ धावा केल्या. गावसकरांच्या ७७४ च्या झळाळीत सरदेसाईंचे हे काम झाकले गेले, याची मला नेहमीच चुटपुट लागते, कारण संघाला विश्वास दिला तो आधी सरदेसाईंनी. ६ मार्चला पोर्ट ऑफ स्पेनला दुसरी कसोटी सुरू झाली आणि गावसकर प्रथमच भारतातर्फे मैदानात उतरले. पहिल्या डावात ६५, दुसऱ्या डावात नाबाद ६७, आणि भारताने वेस्ट इंडीजला इतिहासात प्रथमच हरवले तेव्हा ते खेळपट्टीवर उभे होते.

त्यानंतर जॉर्जटाउनला ११६ आणि नाबाद ६४, ब्रिजटाउनला १ आणि नाबाद ११७. शेवटची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी सहा दिवसांची होती. तिच्यात दाताच्या असह्य ठणक्याने ते हैराण झाले होते, आणि त्याच अवस्थेत त्यांनी १२४ आणि २२० धावा केल्या. एकाच कसोटीत शतक आणि द्विशतक करणारे त्यापूर्वी एकटे डग वॉल्टर्स होते. नवख्या फलंदाजाला नशिबाचीही साथ लागते आणि ती मिळाली. जॉर्जटाउनला वेस्ट इंडीजचे कर्णधार गॅरी सोबर्स यांच्यासारख्या क्षेत्ररक्षकाच्या हातून त्यांचा झेल सुटला. रोहन कन्हाय तर प्रतिस्पर्धी संघातले, पण या मुलाने एखादा उथळ फटका खेळला की स्लिपमधून हळूच त्याला टोकत, शतक नको आहे का असे विचारत, हे गावसकरांनी कृतज्ञतेने सांगितले आहे. मला या मालिकेतील सर्वात लोभस गोष्ट हीच वाटते. एका मोठ्या फलंदाजाला दुसऱ्या संघातल्या मुलाची फलंदाजी वाया जाऊ नये असे वाटावे, ही त्या खेळाची आणि त्या माणसाची थोरवी आहे. १९७६ च्या फेब्रुवारीत, गावसकर परदेशात खेळत असताना, त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव रोहन ठेवले.

आता त्या ७७४ धावांविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, जी आपण भक्तिभावाने टाळतो. वेस्ट इंडीजच्या वेस्ली हॉल आणि चार्ली ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजांचा काळ संपला होता आणि रॉबर्ट्स-होल्डिंग यांचा यायचा होता. होल्डर, शिलिंगफर्ड, डाऊ, बॉईस आणि स्वतः सोबर्स यांचा मारा अगदी सामान्य नव्हता, परंतु ज्याच्या नावाने फलंदाजाची झोप उडावी असाही तो नव्हता. वेस्ट इंडीजकडून त्या मालिकेतील सर्वात परिणामकारक गोलंदाजी केली ती जॅक नोरिएगा या फिरकी गोलंदाजाने, ९५ धावांत नऊ बळी घेऊन. यामुळे गावसकरांचे यश लहान होत नाही. भारताचा कोणताही सलामीवीर परदेशात याआधी असा खेळला नव्हता. पण एवढे मात्र खरे, की नव्या चेंडूच्या खऱ्या परीक्षेचा पेपर अजून हातात पडायचा होता, आणि देशाने मात्र निकाल आधीच लावून टाकला होता.

तो पेपर तीनच महिन्यांनी आला. इंग्लंडमध्ये जुलै-ऑगस्ट १९७१ च्या तीन कसोटींत त्यांनी ४, ५३, ५७, २४, ६ आणि ० अशा एकूण १४४ धावा केल्या, सरासरी २४. लॉर्ड्सला विजयासाठी १८३ धावा हव्या असताना चोरटी धाव घेणाऱ्या गावसकरांना इंग्लंडचे वेगवान गोलंदाज जॉन स्नो यांनी खांद्याने धक्का देऊन पाडले, आणि या वागणुकीमुळे स्नो यांना पुढच्या कसोटीतून वगळण्यात आले. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्या डावातल्या ५३ धावा फारशा कोणाच्या लक्षात नसतात. ओल्ड ट्रॅफर्डच्या दमट, ढगाळ हवेतील ५७ धावाही तशाच विस्मरणात गेल्या, कारण ज्याच्याकडून द्विशतकाची अपेक्षा असते त्याचे अर्धशतक लोकांना अपयशच वाटते. ओव्हलला चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळवला. १७३ धावांच्या त्या पाठलागात गावसकरांचा वाटा शून्य होता, स्नो यांनी त्यांना पायचीत केले. देश आनंदाने नाचत असताना आपले नाव धावफलकावर शून्यापुढे असावे, हे बावीस वर्षांच्या मुलाला कसे वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

यानंतर जे झाले ते आजच्या वाचकाला मुद्दाम सांगावे लागेल. काहीच झाले नाही. ऑगस्ट १९७१ नंतर भारत पुढची कसोटी खेळला ती डिसेंबर १९७२ मध्ये. फेब्रुवारी १९७३ नंतरची कसोटी जून १९७४ मध्ये. जानेवारी १९७५ नंतरची थेट जानेवारी १९७६ मध्ये. आजचा फलंदाज एका मालिकेत चुकला तर महिन्या-दोन महिन्यांत त्याला पुन्हा संधी मिळते, किंवा निदान दुसऱ्या कुठल्या प्रकारात तरी तो धावा करून मोकळा होतो. त्या काळी एका मालिकेतील अपयश उशाला घेऊन वर्ष-दीड वर्ष झोपावे लागे. सोबर्स यांच्या नेतृत्वाखालील जागतिक संघातून ते १९७१-७२ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले, तिथे डेनिस लिली यांचा भर ज्वानीतला वेग सगळ्यांनी अनुभवला. पर्थला लिली यांनी २९ धावांत आठ गडी बाद करून तो संघ ५९ धावांत गुंडाळला. घरी परतल्यावर रणजीमध्ये गावसकर धावांच्या राशी ओतत होते, बिहारविरुद्ध तर त्यांनी २८२ केल्या. म्हणजे फलंदाज हरवला नव्हता. कसोटीतला नवा चेंडू आणि रणजीतला नवा चेंडू यांतले अंतर कापायचे राहिले होते, आणि ते कापण्यासाठी कसोटीच मिळत नव्हती.

१९७२-७३ मध्ये टोनी लुईस यांचा इंग्लंड संघ आला. पहिल्या तीन कसोटींत मिळून गावसकरांच्या धावा झाल्या साठ. दिल्ली, कलकत्ता, मद्रास, तिन्ही ठिकाणी हीच कथा. भारताने मालिका २-१ अशी जिंकली, चंद्रशेखर-बेदी-प्रसन्ना या फिरकी गोलंदाजांचा बोलबाला झाला आणि गावसकरांचे नाव विजयाच्या बातमीत शोधावे लागले. चौथ्या कसोटीत कानपूरला ६९ आणि पाचवीत मुंबईला ६७. हा मुंबईचा डाव म्हणजे मी पाहिलेला, ज्यावर मी नाराज होऊन घरी आलो तो. आता त्या मालिकेचे आकडे क्रमाने लावून पाहिले की काकांच्या बोलण्याचा अर्थ लागतो. अपयशी फलंदाज दोन गोष्टी करतो : एक तर अंगावर आल्यासारखे फटके मारून मोकळा होतो, नाहीतर चेंडूला घाबरून प्रत्येक चेंडूवर बॅट घालतो. गावसकरांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी खेळायच्या चेंडूंची संख्याच कमी केली. उजव्या यष्टीच्या बाहेरचा चेंडू जाऊ देणे, बॅट अंगाजवळ ठेवणे, डोके स्थिर ठेवून चेंडू अगदी शेवटपर्यंत पाहणे, आणि हुकसारखा धोक्याचा फटका गरजेपुरताच बाहेर काढणे, हे सगळे एका दिवसात आलेले नाही. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाच्या छातीवर येणारा चेंडू इतरांच्या पोटावर येतो, आणि हेल्मेट तेव्हा कोणाच्या डोक्यावर नव्हते. अशा माणसाने चेंडू सोडण्याची कला शिकणे म्हणजे काय, हे मला पुढे स्वतः सीझनच्या चेंडूवर खेळू लागल्यावर कळले.

आणखी एक अडचण होती, जिचा उल्लेख क्वचितच होतो. दुसऱ्या टोकाला जोडीदार कायम नव्हता. वेस्ट इंडीजमध्ये अशोक मंकड होते, पुढे रामनाथ पारकर आले, चेतन चौहान आले आणि गेले, इंजिनिअर आले, १९७४ मध्ये इंग्लंडला सोलकर आणि सुधीर नाईक यांनाही सलामीला पाठवण्यात आले, १९७६ मध्ये ऑकलंडला तर कोवळ्या वयाच्या दिलीप वेंगसरकरांना पहिल्याच कसोटीत त्यांच्या जोडीला उतरवले. सलामीच्या जोडीत एकमेकांच्या हाकेवर डोळे मिटून धावता आले पाहिजे, कोणता गोलंदाज कोणी जास्त खेळायचा याचा न बोलता करार झाला पाहिजे. गावसकरांना तो करार दर दोन-तीन कसोटींनी नव्याने करावा लागत होता.

या पाच वर्षांतले एकमेव शतक जून १९७४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला झाले, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या तोवरच्या साऱ्या डावांत ते पहिल्या क्रमांकाचे आहे, २२० च्याही आधी. हवा कडाक्याची थंड, मधूनमधून पाऊस, खेळपट्टी हिरवट, आणि समोर विलिस, ओल्ड, हेंड्रिक, त्यांच्या जोडीला ओल्या खेळपट्टीवर जीवघेणे ठरणारे अंडरवूड. भारताचा डाव २४६ धावांत संपला, त्यांत गावसकरांच्या १०१ होत्या. दुसऱ्या डावात पुन्हा ५८. सामना भारताने गमावला. वाऱ्याने केस डोळ्यांवर येत होते म्हणून पंच डिकी बर्ड यांनी कात्रीने मैदानातच त्यांचे केस कापले, तो प्रसंग याच सामन्यातला. लोक तो किस्सा हसत हसत सांगतात. मला मात्र त्यात वेगळेच काही दिसते. एक केसही डोळ्याआड येऊ नये इतके ज्याचे लक्ष चेंडूवर लागले आहे, त्या माणसाची तल्लीनता मला त्यात दिसते. आपल्या उत्कृष्ट डावांत गावसकर स्वतःही या १०१ ला फार वरचे स्थान देत आले आहेत, आणि मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

पण या शतकानेही गाडी रुळावर आली नाही. पुढच्याच कसोटीत लॉर्ड्सला गावसकरांनी पहिल्या डावात ४९ धावा केल्या, पण दुसऱ्या डावात भारत ४२ धावांत गारद झाला आणि तो आकडा संघाच्या कपाळी कायमचा चिकटला. मालिका ३-० अशी गेली. वाडेकर बाजूला झाले. त्या हिवाळ्यात क्लाइव्ह लॉइड यांचा वेस्ट इंडीज संघ अँडी रॉबर्ट्स यांना घेऊन आला, तर बंगलोरच्या पहिल्या कसोटीनंतर गावसकरांचे बोट मोडले आणि मधल्या तीन कसोटी हुकल्या. परतले ते वानखेडे स्टेडियमवरच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, जानेवारी १९७५ मध्ये. तिथे ८६ केल्या. शतक पुन्हा चौदा धावांनी दूर राहिले.

मग ७ जून १९७५ चा तो दिवस, ज्याविषयी लिहिताना माझा हात आजही जड होतो. पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना, मैदान लॉर्ड्स. इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या, त्यांत डेनिस एमिस यांच्या १३७. भारताने साठ षटके पूर्ण खेळून ३ बाद १३२ केल्या आणि २०२ धावांनी सामना गमावला. गावसकर सलामीला आले आणि शेवटपर्यंत नाबाद राहिले : १७४ चेंडूंत ३६ धावा, एक चौकार. प्रेक्षक चिडले, संघाचे व्यवस्थापक नाराज झाले, आणि आजही कोणाला गावसकरांवर टीका करायची असेल तर हा डाव प्रथम बाहेर निघतो. त्या डावाचे समर्थन होऊ शकत नाही आणि मी ते करणार नाही. संघासाठी तो डाव चुकीचा होता, पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांसाठीही चुकीचा होता. गावसकरांनी स्वतः त्याची खंत पुढे उघडपणे बोलून दाखवली आहे. मात्र तो डाव कोणत्या काळात आला, हे लक्षात घेतले पाहिजे, असे मला तळमळीने वाटते. चार वर्षे ज्याने स्वतःला बाद न होण्याचे शिक्षण दिले, चेंडू सोडायला आणि अडवायला शिकवले, त्याला त्या दिवशी हात मोकळे सोडायचे म्हटल्यावर ते सुटलेच नाहीत. शिकलेली गोष्ट हाडांत इतकी मुरली होती, की नको तिथेही तीच वर आली. चारच दिवसांनी लीड्सला पूर्व आफ्रिकेविरुद्ध त्यांनी नाबाद ६५ धावा करून दहा गडी राखून सामना जिंकून दिला, पण त्या धावा आठवणीत ठेवायला कोणी तयार नव्हते.

जानेवारी १९७६ उजाडला तेव्हा हिशेब असा होता : ७७४ धावांच्या मालिकेनंतर तेरा कसोटी, एक शतक, सरासरी अठ्ठावीसच्या आसपास. ऑकलंडला बेदी जायबंदी झाल्यामुळे नेतृत्व अचानक गावसकरांकडे आले. त्यांनी ११६ केल्या, दुसऱ्या डावात नाबाद ३५, प्रसन्ना यांनी ७६ धावांत आठ बळी घेतले आणि भारताने आठ गडी राखून कसोटी जिंकली. वेलिंग्टनला क्षेत्ररक्षण करताना गालाच्या हाडाला चेंडू लागला. तिथून संघ घरी न येता तसाच वेस्ट इंडीजला गेला, पाच वर्षांनंतर पुन्हा त्याच बेटांवर.

या वेळी समोरचा मारा पूर्वीचा नव्हता. रॉबर्ट्स होते, आणि मायकेल होल्डिंग यांचा वेग रोज वाढत होता. त्या मालिकेत गावसकरांनी ३९० धावा केल्या, ७७४ च्या जवळजवळ निम्म्या, आणि तरी मला त्या अधिक मोलाच्या वाटतात. दौऱ्याच्या शेवटी किंग्स्टनला जे घडले ते सर्वांना माहीत आहे : अंगावर सोडलेले चेंडू, कानावर आघात होऊन रुग्णालयात गेलेले अंशुमन गायकवाड, विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांच्या दुखापती, बेदींनी ६ बाद ३०६ वर घोषित केलेला डाव आणि दुसऱ्या डावात फलंदाजीला माणसेच न उरल्यामुळे ९७ धावांवर थांबलेला सामना. त्या खेळपट्टीवर गायकवाड यांच्याबरोबर शतकी सलामी देताना गावसकरांनी ६६ धावा केल्या. उघड्या डोक्याने.

पण त्याआधी पोर्ट ऑफ स्पेनला दोन कसोटी झाल्या होत्या. पहिलीत गावसकरांनी १५६ केल्या. दुसरीत, एप्रिलमध्ये, लॉइड यांनी डाव घोषित करून भारतापुढे ४०३ धावांचे आव्हान ठेवले. चौथ्या डावात चारशेच्या वर धावा करून कसोटी जिंकणे तोवर एकदाच घडले होते, १९४८ मध्ये लीड्सला, ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाकडून. लॉइड यांनी या सामन्यात तीन फिरकी गोलंदाज खेळवले होते. मोठ्या पाठलागात आधी एकाने उभे राहून बाकीच्यांच्या मनातली धास्ती घालवावी लागते, आणि ते काम गावसकरांनी १०२ धावा करून केले. पुढे विश्वनाथ यांनी ११२, मोहिंदर अमरनाथ यांनी ८५ आणि पटेल यांनी नाबाद ४९ धावा केल्या, आणि भारत ४ बाद ४०६ वर पोहोचला. ज्या मैदानावर १९७१ मध्ये दाताच्या ठणक्यासह दोन शतके झाली होती, त्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर आता आणखी दोन झाली होती. गावसकर तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

सामना संपला तेव्हा आपल्याकडे रात्र सरत आली होती. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या तेव्हा काका दाढी करत होते. भारत जिंकला हे ऐकून मी ओरडलो, शेजारच्या बिऱ्हाडातून कोणीतरी ओरडून साथ दिली. काकांनी वस्तरा खाली ठेवला, अर्ध्या गालाला फेस तसाच होता. त्यांनी मला गप्प राहण्याची खूण केली, रेडिओजवळ कान नेला आणि विचारले, ‘‘सुनीलच्या किती झाल्या म्हणाले?’’ मी म्हणालो, ‘‘एकशे दोन.’’ त्यांनी मान हलवली आणि आरशाकडे वळून उरलेली दाढी करायला घेतली.